गाडी तापते कधी, ते आधी विचारा

एप्रिल महिन्यातली दुपार. कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहून आम्ही परत निघालो होतो. भिगवणला चहा घेतला आणि बारामतीच्या रस्त्याला लागलो. गाडीत घरची चार माणसं, एसी चालू. पाच-सात किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात तापमानाचा काटा हळूहळू वर सरकत तांबड्या रेघेला जाऊन टेकला. थांबावं की नाही, या विचारात आणखी थोडं अंतर गेलं. आणि काय आश्चर्य, काटा आपोआप झरकन खाली आला! म्हटलं, सुटलो. बारामती काही लांब नाही. पुढच्या दहा मिनिटांत इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी जागेवर बसली.

काटा खाली आला, याचा अर्थ इंजिन थंड झालं असं मी धरून चाललो होतो. खरा अर्थ नेमका उलटा होता. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. ही एक गोष्ट मला त्या दिवशी ठाऊक असती, तर इंजिन वाचलं असतं. म्हणून आज हा विषय घेतला आहे. गाडी का तापते, हे शोधायचं कसं? त्यासाठी मेकॅनिक व्हायची गरज नाही. काही साधे प्रश्न योग्य क्रमानं विचारता आले, तरी पुरे.

आधी पाण्याचं काम समजून घेऊ. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ते सांगायला नको. विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन चालायचं, तेव्हा इंजिनातून फिरून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली ते हात धरायचे. धार कोमट असली की सगळं ठीक. धार बारीक झाली किंवा हात भाजायला लागला की इंजिन बंद. मोटारीत विहीर बरोबर नेता येत नाही, म्हणून तेच तेच पाणी पुन्हा थंड करून वापरावं लागतं. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा हे पाणी उचलतं. वॉटर पंप ते इंजिनातून फिरवतो, वरच्या होज पाइपातून ते रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात जातं. मधल्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की उघडते. रेडिएटरच्या मागे किंवा पुढे पंखा असतो. आणि सगळ्यात वर असतं झाकण.

या झाकणाला आपण नुसतं झाकण समजतो, तिथंच चुकतो. त्यात स्प्रिंग आणि रबर असतं. ते साधारण एक किलोचा दाब धरून ठेवतं. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. घरातल्या कुकरचंच तत्त्व आहे हे. कुकरची रिंग सैल झाली की वाफ निघून जाते, शिट्टी होत नाही आणि पाणी आटतं. झाकणाचं रबर गेलं की गाडीत तेच होतं.

आता प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न, गाडीत पाणी आहे का? हा प्रश्न इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधी विचारायचा. पाणी कमी असेल तर ते गेलं कुठं, हे शोधायचं. गाडीखाली ओल आहे का? होज पाइपाच्या क्लिपजवळ हिरवट, तांबूस किंवा पांढरे डाग आहेत का? वॉटर पंपाच्या खाली थेंब दिसतो का? पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागतं का आणि गाडीत गोडसर वास येतो का? तसं असेल तर हीटरची जाळी गळते आहे. यातलं काहीच नसेल आणि पाणी मात्र कमी होत असेल, तर एक तर झाकण तरी खराब आहे, नाही तर इंजिन आतल्या आत पाणी पितं आहे. दुसरी शक्यता गंभीर आहे, तिच्याकडे नंतर येतो.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गाडी तापते कधी? उभी असताना की पळताना?

भिगवण-बारामती भागात याची परीक्षा घ्यायला वेगळी सोय करावी लागत नाही. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावंच लागतं. अशा वेळी काटा चढतो आणि पुणे-सोलापूर महामार्गावर सत्तर-ऐंशीच्या वेगानं जाताना तो जागेवर येतो, असं होत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज पडत नाही. रांगताना मात्र सगळी भिस्त पंख्यावर. पंखा तपासणं सोपं आहे. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा पंख्याची मोटर यांपैकी काही तरी गेलं आहे. फ्यूज किंवा रिले असेल तर काम थोडक्यात भागतं. अँबॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चाले. तिथं पट्टा सैल झाला की पंखा आणि पंप दोन्ही मंदावत.

आता उलट बाजू. गावातल्या गावात गाडी छान चालते, पण महामार्गावर वेग घेतला किंवा घाट लागला की तापते. इथं पंख्याला दोष देऊन उपयोग नाही. इंजिन जास्त उष्णता तयार करतं आहे आणि ती वाहून नेण्याएवढं पाणी फिरत नाही, किंवा रेडिएटर ती बाहेर टाकू शकत नाही. रेडिएटर आधी बाहेरून पाहा. आपल्याकडे उसाच्या पाचटाचा भुसा, धूळ आणि किडे जाळीत बसतात. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते आणि दोन जाळ्यांच्या फटीत ही घाण अडकते. समोरून पाहिलं तर दिसत नाही. पाण्याचा हलका फवारा मागून पुढे मारून ती काढावी. जोरदार प्रेशरनं धुतलं तर पातळ पत्रे वाकतात आणि वाऱ्याची वाट आणखी बंद होते.

बाहेरून स्वच्छ असूनही तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो. याला बहुतेक वेळा आपणच कारण असतो. पाणी कमी दिसलं की आपण बोअरचं पाणी ओततो. त्या पाण्यातले क्षार बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर कसे बसतात, ते आपण रोज पाहतो. तेच क्षार रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतात. कूलंटमध्ये पाणी असतंच, पण ते क्षारविरहित असावं लागतं. त्यातलं ग्लायकोल उकळबिंदू वाढवतं आणि बाकीची रसायनं अ‍ॅल्युमिनियमला गंजू देत नाहीत. तेव्हा कूलंट म्हणजे थंडीच्या मुलखातली चैन, हा समज काढून टाकावा.

तिसरा प्रश्न, दोन्ही होज पाइप सारखे गरम आहेत का? इंजिन तापल्यावर वरचा पाइप चटका देतो आणि खालचा जवळजवळ थंड लागतो, असं असेल तर पाणी पुढे सरकत नाही. थर्मोस्टॅट बंदच अडकला आहे, रेडिएटर चोंदला आहे किंवा पंप काम करत नाही. हात लावताना पंख्यापासून जपावं. इंजिन बंद असलं तरी विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. आणखी एक खूण हीटरची. काटा वर आहे आणि हीटर लावला तर थंड वारा येतो, याचा अर्थ पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. एक तर ते कमी आहे, नाही तर मध्ये हवा अडकली आहे. नुकतंच पाणी बदललं असेल तर अशी हवा हमखास अडकते. ती काढावी लागते.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्याकडे एक खोड आहे. गाडी तापली की तो काढून टाकायचा. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही’, असं छातीठोक सांगितलं जातं. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन योग्य तापमानाला उशिरा येतं, इंधन जास्त खातं आणि झिजतं. शिवाय काही इंजिनांत तो उघडताना पाण्याची एक आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट उघडीच राहते, बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता तिकडूनच फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. अडकला असेल तर बदलावा.

आता त्या गंभीर शक्यतेकडे. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये गॅसकेट असतं. ते फुटलं की सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो किंवा पाणी सिलिंडरमध्ये. सकाळी थंड गाडी चालू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा होज पाइप दगडासारखा टणक झाला, तर समजावं की हा दाब वाफेचा नाही, वायूचा आहे. पाण्यात सतत बुडबुडे येणं, इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरा धूर येत राहणं, ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा होणं, या बाकीच्या खुणा. यातली एक जरी पक्की दिसली तरी गाडी चालवू नये, टोचन करून न्यावी.

माझ्या गाडीचं काय झालं होतं? त्या एप्रिलच्या आधी ती दोनदा तापली होती. पहिल्या मेकॅनिकनं रेडिएटर साफ केला. दोन आठवडे गाडी छान चालली. पुन्हा तापली, तेव्हा दुसऱ्यानं थर्मोस्टॅट काढला. पुन्हा तीन आठवडे ठीक. प्रत्येक वेळी मला वाटलं, रोग सापडला. खरं तर दोन्ही दुरुस्त्यांत एकच गोष्ट समान होती. काम झाल्यावर पाणी काठोकाठ भरलं गेलं होतं. गुण आला तो त्या पाण्याचा, दुरुस्तीचा नाही. दोष होता झाकणात. त्याचं रबर कडक होऊन चिरलं होतं. गरम झालं की पाणी शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ढकललं जायचं आणि गाडी निवल्यावर ते परत ओढलं जाण्याऐवजी चिरेतून हवा आत जायची. परिणाम असा की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा होत चाललेला. मी रोज बाटली पाहत होतो आणि समाधान मानत होतो. झाकण उघडून आत एकदाही डोकावलं नव्हतं. झाकणाच्या कितीतरी पट पैसे हेड आणि पिस्टनच्या कामाला गेले. मेकॅनिकला काय बोल लावणार? गाडी कधी तापते, हे त्यांनी विचारलं नाही, तसं मीही सांगितलं नाही.

शेवटी, रस्त्यात गाडी तापलीच तर काय करावं? एसी बंद करावा. हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावावा. माणसांना उकडेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी कमी होईल. काटा उतरला नाही, वाफ दिसली किंवा काटा अचानक पडला, तर बाजूला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करावं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा नसतो, नुसता लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे वेळ जवळजवळ संपलेली असते. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये. दाब सुटल्याबरोबर पाणी एकदम उकळून तोंडावर उडतं आणि त्यानं भाजलेली माणसं दरवर्षी दवाखान्यात जातात. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. इंजिन निवल्यावर जाड फडकं धरून झाकण आधी थोडं सैल करावं, मग काढावं. अडचणीच्या वेळी प्यायच्या बाटलीतलं पाणी चालतं, मात्र घरी पोचल्यावर ते काढून कूलंट भरून घ्यावं.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी तापते’ एवढंच सांगू नये. उभी असताना की पळताना, एसी लावल्यावर की एरवीही, किती दिवसांत किती पाणी कमी होतं, हे सांगावं. वैद्याकडे गेल्यावर ‘ताप येतो’ एवढं सांगून आपण थांबत नाही. सकाळी येतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो की कसा, हे सांगतोच ना? गाडीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीनं एवढं आपण सांगायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)