कापडाआडचा धंदा (भाग ९) : फोटोखालची ओळ

मागच्या भागात लग्नाच्या लेहंग्याची किंमत कशी ठरते ते पाहिलं. तो लेहंगा शिवणाऱ्याचं नाव कसं होतं, ते आज पाहू. त्यासाठी कोलकात्याच्या पूर्वेला सॉल्ट लेकमध्ये जायला हवं. खाऱ्या पाण्याची दलदल गंगेच्या गाळाने भरून वसवलेलं हे आखीव उपनगर. सरकारी कागदांवर बिधाननगर. तिथलं सिटी सेंटर हे व्यापारी संकुल नवी मुंबईच्या आखणीत सहभागी असलेले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलं. त्यामुळे नवी मुंबईत वावरलेल्या माणसाला ते फारसं परकं वाटत नाही. सॉल्ट लेकमध्येच, सेक्टर ३ मध्ये, ‘निफ्ट’ची, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, कोलकाता शाखा आहे. १९९५ साली मुंबईबरोबरच सुरू झालेली. लग्नाच्या कपड्यांसाठी नावाजलेले डिझायनर सब्यसाची मुखर्जी या शाखेचे पदवीधर, १९९९ च्या तुकडीतले. आज या शाखेत ‘फॅशन कम्युनिकेशन’ ही स्वतंत्र पदवी मिळते. कपडा कापणं आणि कपड्याविषयी सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे अभ्यासक्रमानेच मान्य केलं आहे.

यातलं दुसरं काम चालतं कसं? नव्या डिझायनरला मासिकातलं जाहिरातीचं पान परवडत नाही. मग तो पीआर एजन्सीला दरमहा ठरावीक रक्कम देतो आणि आपले नमुने तिच्याकडे ठेवतो. एकेका कपड्याचा बहुधा एकच नमुना असतो, तोही मॉडेलच्या मापाचा. स्टायलिस्टचा फोन येतो: अमुक अभिनेत्रीला उद्या प्रमोशनला जायचंय, पिवळ्यात काय आहे? धंद्यात याला ‘सोर्सिंग’ म्हणतात. कपडा बॅगेत बसून एका शूटवरून दुसऱ्या शूटवर जातो. कुणाकडे गेला, कधी परत येणार, पदराला लिपस्टिक लागली का, हूक तुटला का, याची नोंद एजन्सीतली एखादी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी ठेवत असते. दोन स्टायलिस्टना एकाच संध्याकाळी तोच कपडा हवा असेल, तर तो कुणाला द्यायचा हा निर्णय सगळ्यात नाजूक, कारण नाराज झालेली स्टायलिस्ट पुढचे सहा महिने फोन करत नाही. पडद्यावर आणि समारंभात दिसणारे कितीतरी कपडे असे उसने आणलेले असतात. त्याचा मोबदला म्हणजे फोटोखालची एक ओळ. कपडे अमुक, दागिने तमुक. या ओळीला ‘क्रेडिट’ म्हणतात, आणि हा सगळा धंदा तिच्याभोवतीच फिरतो.

हे तंत्र जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसची वाट बंद झाली, तेव्हा एलिनॉर लॅम्बर्ट या प्रसिद्धीकार बाईंनी १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेस वीक’ भरवला आणि वार्ताहरांना अमेरिकन डिझायनरांचे कपडे एकत्र दाखवले. आजच्या फॅशन वीकचं मूळ तिथे आहे. वार्ताहराला जे हवं ते त्याच्या वेळेवर आणि तयार स्वरूपात द्यायचं, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडे पहिला इंडिया फॅशन वीक २००० साली दिल्लीत झाला. सब्यसाचींना २००१ साली ‘फेमिना’ आणि ब्रिटिश कौन्सिलचा तरुण डिझायनरचा पुरस्कार मिळाला आणि ते ब्रिटनमध्ये प्रशिक्षणाला गेले. पुरस्काराशी मासिकाचंच नाव जोडलेलं असलं, की मासिकाला बातमी मिळते आणि डिझायनरला नाव. ‘निफ्ट’च्या प्रवेशासाठी स्वतःची पुस्तकं विकल्याची हकीकत ते मुलाखतींत सांगतात. अशी एक खरी, लक्षात राहणारी हकीकत वार्ताहराला दहा प्रेसनोटांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

क्रेडिटची ताकद कळली ती २०१८ च्या नोव्हेंबरात. इटलीतल्या कोमो सरोवराकाठी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न झालं, आधी कोकणी पद्धतीने, मग सिंधी. फोटो जोडप्यानेच प्रसिद्ध केले. छायाचित्रकारांना आत प्रवेश नव्हता, त्यामुळे सगळ्या वर्तमानपत्रांना तेच मोजके फोटो छापावे लागले, आणि कपड्यांचा तपशील घ्यायचा तर तो सब्यसाचींच्या इन्स्टाग्रामवरून. कोकणी विधीची साडीही त्यांचीच, असं जगभर पसरलं. मग त्यांनीच खुलासा केला. ती साडी दीपिकाच्या आईने दिलेली होती आणि बंगळुरूच्या ‘अंगडी गॅलेरिया’तून घेतलेली होती, श्रेय त्यांचं आहे. खुलासा जाहीरपणे केला, हे चांगलंच झालं. पण पहिली बातमी जिथे जिथे गेली होती, तिथे खुलासा गेला नाही. दक्षिणेतल्या मातब्बर साडीघराची ही गत, तर मागावर बसलेल्या माणसाचं काय?

मला या सगळ्यात खरी काळजी वाटते ती त्या माणसाची. न्यूयॉर्कच्या ‘मेट गाला’ या फॅशन-समारंभाला २०२४ मध्ये आलिया भट्टने सब्यसाचींची साडी नेसली. सोबत दोन आकडे आले: १६३ माणसं, १,९६५ तास. जवळपास प्रत्येक बातमीत ते होते. भागाकार केला, तर माणशी सरासरी बारा तास येतात. काम कमी झालं असा याचा अर्थ नव्हे. रंगाऱ्याचे दोन तास आणि जरदोजीवाल्याचे चाळीस, असंही असू शकतं. पण सरासरी काढावीशी वाटावी असे ते आकडे नव्हतेच. ते मथळ्यासाठी होते. त्या १६३ जणांपैकी एकाचंही नाव मला कुठल्या बातमीत सापडलं नाही. हावडा जिल्ह्यात पांचला आणि आसपासच्या गावांत जरीकाम करणारी कितीतरी घरं आहेत. डोळे जाईपर्यंत सुई चालते. संख्या सांगितली की कारागिरांचा मान राखला, अशी प्रसिद्धीखात्यांची समजूत दिसते. मला ती पटत नाही. स्टायलिस्ट, केशभूषाकार, छायाचित्रकार यांना त्याच ओळीत नावानिशी जागा मिळते.

नियम या बाबतीत गप्प आहेत. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांना बंधन घातलं: पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. त्यामुळे ग्राहकाला कळतं की कौतुक कुणी पुरस्कृत केलं. वस्तू कुणी बनवली, हे कळण्याची सोय त्यात नाही.

आपल्याकडे पैठणीचं पाहा. सणासुदीला मराठी अभिनेत्रींचे फोटो येतात, खाली सात-आठ नावं: दुकान, दागिने, मेकअप, फोटो. येवल्याच्या विणकराचं नाव क्वचितच. खरं तर शोधायला ते अवघड नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, अधिकृत वापरकर्त्यांची नोंद होते, आणि चांगल्या दुकानदाराला कुठली साडी कोणत्या मागावरून आली ते ठाऊक असतं. क्रेडिटची यादी साधारण आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर तयार होते. स्टायलिस्टने तेव्हाच दुकानदाराला विचारायला हवं, ही कुणी विणली. फोटो एकदा सुटला, की त्यानंतरच्या दुरुस्त्या कुणी वाचत नाही.