टॅपेटचा आवाज बरा, शांतता वाईट: घरच्या घरी व्हॉल्व्ह सेटिंग

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट एकाच विषयावर आल्या: "दादा, गाडी टिकटिक वाजतेय, टॅपेट आवळू का?" म्हणून आजचा अख्खा भाग टॅपेटवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलल्यासारखंच ठेवलंय, उगाच पुस्तकी केलं नाहीये.

आधी आपल्या भागाचं सांगतो. बारामतीत पियाजिओचा कारखाना आहे, आपे रिक्षा इथेच बनते आणि २०१२ पासून व्हेस्पाही इथेच बनायला लागली. म्हणजे इंजिन हा आपल्याकडे परका विषय नाही. त्याच्याही आधी, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात विहिरीवर डिझेल इंजिन होती. ज्यांच्या घरी ती होती त्यांना विचारा. ऐन उसाच्या पाण्याच्या पाळीत इंजिन बंद पडलं की तालुक्याहून मेस्त्री येईपर्यंत थांबायची सोय नसायची. पाना आणि चिंधी घेऊन घरातलंच कुणीतरी बसायचं. टॅपेट हा शब्द बऱ्याच घरांत तिथूनच आलाय.

टॅपेट म्हणजे नक्की काय?

फोर स्ट्रोक इंजिनच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. साध्या शंभर सीसीच्या गाडीत दोन: एक इनलेट, त्यातून हवा-पेट्रोल आत येतं. दुसरा एक्झॉस्ट, त्यातून जळलेला धूर बाहेर जातो. कॅमशाफ्ट फिरतो, तो रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. दाब सुटला की स्प्रिंग त्याला परत बंद करते.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला ४००० फेरे मारतंय असं धरा, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २००० वेळा उघड-बंद होतो. बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला तासभर गाडी चालवली, तर १ लाख २० हजार वेळा!

आता रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक यांच्यात थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. धातू तापला की वाढतो. फटच नसेल तर तापल्यावर दांडी रॉकरला टेकते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. ही फट बरोबर ठेवणं म्हणजे टॅपेट सेटिंग. जुन्या स्प्लेंडरला ही फट ०.०५ मिलिमीटर असते. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे कागदाच्या निम्मी! "हाताला थोडा प्ले लागला की झालं" या हिशोबात हे बसत नाही. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, इनलेट-एक्झॉस्टचे आकडेही वेगवेगळे असू शकतात. गाडीचं मॅन्युअल बघा. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

आवाज की शांतता?

इथे आजचा मुख्य मुद्दा. फट जास्त झाली की टिकटिक आवाज येतो, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, पॉवर जराशी कमी होते. त्रास आहे, पण गाडी ओरडून सांगते तरी. फट कमी झाली की आवाज बंद! गाडी एकदम गोड चालल्यासारखी वाटते. आणि आतून जळत असते.

का जळते? एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ज्वाळेचा तडाखा सतत बसतो. तो थंड व्हायची मुख्य वेळ म्हणजे बंद असतानाची, जेव्हा त्याची कड सीटला घट्ट टेकते आणि उष्णता हेडमध्ये निघून जाते. टेकलाच नाही तर उष्णता जायची कुठे? शिवाय त्या बारीक फटीतून पेटलेला गॅस जोरात निसटतो. कड जळते, कॉम्प्रेशन जातं. मग पाच मिनिटांच्या सेटिंगच्या जागी हेड उतरवायचं काम निघतं.

आणि वापरानं फट नेहमी वाढतेच असं नाही. कॅम-रॉकर झिजले की वाढते, पण व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खाली बसत गेला की दांडी वर येते आणि फट कमी होते. म्हणून "आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक" हे डोक्यातून काढा.

माझा मावसभाऊ इंदापूर तालुक्यात दूध घालतो. पहाटे दोन कॅन गाडीला बांधून संकलन केंद्र गाठायचं. वेळ चुकली तर दूध परत. त्याची गाडी वाजते म्हणून कुणीतरी टॅपेट आवळून दिलं होतं. आवाज गेला, तो खूश. महिन्याभरानं तक्रार: सकाळी चालू होते, पण केंद्रावर दहा मिनिटं थांबून परत किक मारली की होत नाही. किकही हलकी लागत होती. थंड इंजिनवर फिलर घालून बघितलं तर एक्झॉस्टला पातीच जाईना. सेट केलं आणि कॉम्प्रेशन परत आलं, म्हणजे व्हॉल्व्ह वाचला होता. आणखी महिनाभर तशीच चालली असती तर वाचला असता का, सांगता येत नाही. टिकटिक परत थोडी आली. त्याला म्हटलं, ही टिकटिक आता तुझ्या कमाईची आहे, राहू दे.

करायचं कसं?

हे जुन्या स्प्लेंडरसारख्या आडव्या, स्क्रूवाल्या इंजिनसाठी सांगतोय. सामान: फिलर गेज, लॉकनटला बरोबर बसणारा पाना, प्लग पाना, स्वच्छ चिंधी.

१. इंजिन पूर्ण थंड हवं. मॅन्युअलमध्ये सहसा ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. आता आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतही पारा त्याच्या वर जातो! म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि पहाटे काम करा.

२. सपाट जागा, मधला स्टँड, न्यूट्रल, चावी बंद. टोपणं उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ पुसा. उसाच्या वाटेची माती हेडमध्ये गेली तर टॅपेटपेक्षा मोठं काम निघेल.

३. प्लग काढा, म्हणजे इंजिन हातानं सहज फिरतं. हेडवरची दोन टोपणं काढा: वरचं इनलेटचं, खालचं एक्झॉस्टचं. खालून थोडं ऑइल येतं, चिंधी धरा.

४. डाव्या बाजूच्या कव्हरची दोन टोपणं काढा. मधल्या भोकातून पाना घालून क्रँक घड्याळाच्या उलट फिरवा. वरच्या छोट्या खिडकीत फ्लायव्हीलवरची 'टी' खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा. शेजारी 'एफ' खूण असते, ती इग्निशनची. तिच्यावर सेटिंग करू नका.

५. 'टी' दोनदा येते, कॉम्प्रेशनला आणि एक्झॉस्टच्या शेवटी. आपल्याला कॉम्प्रेशनची हवी. दोन्ही रॉकर बोटानं हलवा. दोन्ही किंचित सैल असतील तर बरोबर. घट्ट वाटले तर क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा आणि परत बघा. (टॅपेट आधीच टाइट असेल तर बरोबर जागीही रॉकर हलत नाही. अशा वेळी इनलेट रॉकरवर लक्ष ठेवून फिरवा. तो दाबला जाऊन परत वर आला, की त्यानंतर येणारी 'टी' आपली.)

६. ०.०५ ची पाती स्क्रू आणि दांडीच्या मध्ये घाला. हलकी ओढ लागून सरकली पाहिजे. त्याहून एक नंबर जाड पाती जाता कामा नये. नाही जमलं तर लॉकनट सैल करून स्क्रू अगदी थोडा फिरवा. चुड्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर असेल, तर स्क्रूचा दहावा भाग फिरवला तरी ०.०५ चा फरक पडतो.

७. स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळा. जोर मर्यादेत. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतोच, म्हणून पाती परत घालून बघा. मग क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा एकदा तपासा. सगळ्यात जास्त लोक ही पायरी गाळतात.

८. टोपणांच्या रबरी रिंगा तपासा, कडक झाल्या असतील तर बदला. सगळं बसवा, ऑइलची पातळी बघा, मग किक.

कुठे थांबायचं?

केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांत स्क्रू नसतो, मापाच्या चकत्या बदलाव्या लागतात. ते घरचं काम नाही. रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे सेटिंगच नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. सेट केल्यावर काही दिवसांत फट परत गायब झाली, किंवा सेटिंग बरोबर असूनही किक हलकी लागते, तर व्हॉल्व्ह-सीटचा प्रश्न आहे. तेव्हा चांगला मेकॅनिक गाठा. त्याला फटीचा आकडा सांगा: "एक्झॉस्टला ०.०५ जात नव्हता." मग बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं बघा.

आणि एक सवय लावून घ्या. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर आणि दोन्ही आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की तुमचा व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला सरकतोय हे तुम्हाला कळेल, आवाज येवो न येवो.

पुढच्या भागात चेनसेट. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून व्हॉइस नोट पाठवा. भेटूया, गाडी जपून चालवा!