मेळाव्यासाठी जागा निवडताना : गंगापूर धरण आणि द्राक्षांचा मुलूख

शहापूर, मुरबाड, कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, जिथून कुठून ऐकत असाल तिथून हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आजचा विषय आहे वार्षिक मेळाव्याची जागा. दर वर्षी शाळेच्या पटांगणात मंडप घालतो, तसा यंदा नको, कुठेतरी बाहेर जाऊ, असं बऱ्याच गटांमधून येतंय. आणि नाव एकच घेतलं जातं, नाशिकचं गंगापूर धरण. पाणी आहे, डोंगर आहेत, द्राक्षांचे मळे आहेत. पण तिथेच वाइनचे कारखानेही आहेत. म्हणून नीट विचार करू.

आधी जागा समजून घेऊ. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहरात शिरण्याआधी गंगापूरला अडवली आहे. नाशिककर पितात ते पाणी मुख्यतः याच धरणाचं. धरणाच्या काठाला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, बोट क्लब आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारठा मिळतो. द्राक्षाला हेच मानवतं. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने २००० साली इथे वाइन बनवायला सुरुवात केली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि आजूबाजूला आणखी कारखाने उभे राहिले. २००८ पासून सुलाने मळ्यातच संगीताचा महोत्सव सुरू केला. तेव्हापासून लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या बैठका अशा कार्यक्रमांसाठी लोक या भागात येऊ लागले.

कधी जायचं, हे दुसरं. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेलीवर बघण्यासारखं काही उरत नाही. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं असतं, दरडीची भीती असते, आणि आपल्याकडे भाताची लावणी असते. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. म्हणजे आपल्याला सोयीचा काळ एकच, संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकू आणि मेळावा एकत्र होतो. मात्र शनिवार-रविवारी तिथे मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि दरही चढे असतात. मधला वार धरावा.

प्रवासाचं बघू. कल्याण ते नाशिक रोड रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटर. सकाळी मुंबईहून नांदेडकडे जाणारी तपोवन एक्स्प्रेस सोयीची, पण स्टेशनपासून धरणापर्यंत पुन्हा गाडी करावी लागते. एसटीमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण पूर्ण बस करारावर घेतली तर ही सवलत मिळेलच असं धरून चालू नका. आगारात विचारा, लेखी घ्या.

आता पैसे. समजा ४० जणी आहेत आणि गाडी, जागा, जेवण मिळून २४,००० रुपये होतात. म्हणजे डोईला ६०० रुपये. ऐकायला सोपं वाटतं. पण मजुरीला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. ती बैठकीत "परवडत नाही" असं म्हणत नाही, "घरी पाहुणे आहेत" म्हणते आणि गप्प राहते. मेळावा तिच्यासाठी असतो आणि तीच मागे राहते. यावर आम्ही सुचवतो तो उपाय असा : जूनच्या मध्यापासून आठवड्याला २० रुपये वेगळ्या वहीत जमा करा. संक्रांतीपर्यंत ३० आठवडे होतात आणि ६०० रुपये जमतात. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही.

जागेच्या मालकाशी बोलताना हे विचारा : जेवणाचा दर करासह की करावेगळा? किमान किती ताटांचे पैसे भरावे लागतील? आपली भाकरी-पिठलं नेलेलं चालेल का? अनामत किती आणि परत कधी? संडास किती आणि कुठे? गुडघेदुखीच्या बाईला किती पायऱ्या चढाव्या लागतील? बोटीत प्रत्येकीला जीवरक्षक जॅकेट मिळेल का? आणि त्याच दिवशी तिथे दुसरा कोणता कार्यक्रम आहे?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो वाइनशी जोडलेला आहे. आपल्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत ज्यांचं घर दारूने पोखरलं. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. त्यासाठी दारोदार फिरलेल्या बाया आपल्यात आहेत. त्यांना "वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रस" असं सांगून गप्प करू नये. वाइनमध्ये अल्कोहोल असतं, हे सरळ मान्य करावं.

पण दुसरी बाजूही ऐकावी. त्याच मळ्यांत आपल्यासारख्याच बाया छाटणी-तोडणीला जातात. द्राक्षाचा बेदाणा कसा होतो, माल कसा पॅक होतो, बागेला बघायला माणसं येतात म्हणून गावात काय विकलं जातं, हे शिकण्यासारखं आहे. नागलीचे पापड आणि लोणची विकणाऱ्या गटाला त्यातून चार गोष्टी मिळतील.

म्हणून आमचं म्हणणं असं की जागा धरणाकाठची घ्यावी, कारखान्याच्या आवारातली नाही. द्राक्षबाग बघायची ती शेतकऱ्याची, आधी विचारून. आणि जायचं की नाही हे हात वर करून ठरवू नका, कारण हात वर करताना शेजारणीच्या तोंडाकडे बघितलं जातं. बाटलीचं मतदान गुप्त असतं, तसंच हेही चिठ्ठीवर घ्या. लिहिता न येणारीसाठी दोन डबे ठेवा, हिरवा आणि लाल, आणि एकेकीने आत जाऊन खडा टाकावा. चार-पाच खडे जरी लाल डब्यात पडले तरी त्यांचं कारण समजून घ्या, कोणी टाकले ते शोधू नका.

आणि लाल डबा भरला तर वाईट वाटून घेऊ नका. पाणी आपल्याकडेही आहे. ठाण्याचं उपवन, कल्याणचा काळा तलाव, बदलापूरजवळचं बारवी धरण. दिवसाच्या आत परत येता येतं आणि रोज बुडाला तरी अर्धाच बुडतो. परवानगी कोणाची लागते ते महापालिकेत किंवा धरणाच्या कार्यालयात आधी विचारा.

कुठेही गेलात तरी हे पाणी कुणाच्या तरी हंड्यात जाणार आहे हे लक्षात ठेवा. पत्रावळी, पिशव्या काठावर टाकू नका, सोबत परत आणा. पुढच्या बैठकीत जागेचा विषय घ्या आणि वही जूनमध्येच सुरू करा.