बाजारची भेळ आणि हिवरे बाजारचा कांदा

आठवडे बाजारातून घरी काय यायचे, असे नगर तालुक्यात वाढलेल्या कोणालाही विचारावे. मीठ, मिरची, तेल आणि भेळेची पुडी, हेच उत्तर मिळेल. आमचेही हेच आहे. मुंबईच्या चौपाटीवरील आंबट-गोड भेळेशी या भेळेचे नाते लांबचे. चुरमुरे, जाड शेव, पापडी, फुटाणे, शेंगदाणे, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर, सोबत मीठ लावून तळलेली हिरवी मिरची. कोणी तिला भेळभत्ता म्हणतात. शेजारच्या पालावर गोडी शेव आणि रेवडी. पण सारी लज्जत कांद्याची. कांदा नसेल तर तो नुसता चिवडा, आणि चिवडा घरीही होतो.

व्यापाराच्या पानावर भेळ कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आपल्यातील कितीतरी बांधव आज या गावच्या तर उद्या त्या गावच्या बाजारात पाल टाकतात. भेळवाला असो, बांगडीवाला असो की कुलपे दुरुस्त करणारा कारागीर, सर्वांचे गिऱ्हाईक एकच, शेतकरी. त्याच्या खिशात पैसा नसेल तर आपली पाटी भरलेलीच परत येते.

नगरपासून सुमारे सतरा किलोमीटरवरचे हिवरे बाजार हे याचे ठळक उदाहरण. नावात बाजार असलेल्या या गावाची एकेकाळी अशी स्थिती होती की लोक पोटासाठी गाव सोडून जात. 1972 च्या दुष्काळाने गाव खचले होते आणि दारूने उरलेसुरले नेले. 1989 मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदी आली, श्रमदानाने बांधबंदिस्ती झाली. ऊस, केळी अशी जास्त पाण्याची पिके आणि शेतीसाठी कूपनलिका गावाने नाकारल्या. पावसाचे मोजमाप घेऊन कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभा ठरवते. दुकानदार वर्षाअखेरीस ताळेबंद मांडतो, तसा हा पाण्याचा ताळेबंद. 1995 मध्ये गावातील सुमारे 180 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती, ती संख्या पुढे तीनवर आल्याचे सांगितले जाते. दुधाचे संकलन रोजच्या दीडशे लिटरवरून काही हजार लिटरवर गेले. गावात मुस्लिम कुटुंब एकच, पण त्यांच्यासाठी ग्रामस्थांनी मशीद उभारली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

हिवऱ्याच्या शेतात आज कांदा मोठ्या प्रमाणावर होतो, आणि येथेच भेळवाल्याचे कोडे सुरू होते. डिसेंबर 2019 मध्ये अनेक शहरांत कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला. ठिकठिकाणी हातगाड्यांवर भेळेत कांद्याऐवजी कोबी दिसू लागला. भेळवाला रडला, पण ज्याच्या चाळीत माल शिल्लक होता त्या शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. याच्या उलट 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. बाजारसमित्यांत भाव कोसळले, आणि बंदी उठेपर्यंत 4 मे 2024 उजाडला. त्या महिन्यांत भेळेवर कांद्याचा ढीग घालणे परवडत होते, पण पुडी बांधून घरी नेणारा हात आखडला होता. आमचे मत विचाराल तर गावच्या बाजारातील भेळवाल्याला महाग कांदा परवडतो. कांद्याचे चार पैसे जास्त जातात, पण पुड्या दुप्पट खपतात. शहरातल्या गाडीवाल्याचे गणित वेगळे. त्याचे गिऱ्हाईक पगारदार, त्याला कांद्याच्या भावाने काही मिळत नाही.

आता मालाविषयी. चुरमुरे पावसाळी हवेत तासाभरात सादळतात. कालचे मऊ चुरमुरे तळाशी आणि आजचे कुरकुरीत वर, ही युक्ती बाजारात सर्वांना ठाऊक आहे. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपला नव्हे असे बजावले. ही हदीस आपण मशिदीत ऐकतो, पण ती बाजारात घडलेली आहे. चुरमुरे बहुधा तोलून नव्हे, मापाने विकले जातात. माप हलवून भरायचे की अलगद, हे विकणाऱ्याच्याच हाती असते. सादळलेला माल पुन्हा कढईत गरम केला की बराचसा सुधारतो, कष्ट तेवढे जास्त.

शेव पिवळीधमक दिसावी म्हणून मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग टाकणारेही आहेत. शेव बाहेरून विकत घेणाऱ्याने एवढे पाहावे की चिमूटभर शेव कोमट पाण्यात टाकून गाळलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले आणि पाणी गुलाबी झाले, तर माल परत करावा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, अशी सूचना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच दिली. शाईतील घातक द्रव्ये तेलकट शेवेला लागतात. लहानपणी आम्ही पुडीचा कागद वाचून मगच फेकत असू, ती सवय आता जुनी झाली. कोरा कागद किलोवर मिळतो. पळसाच्या पत्रावळीचे द्रोण मिळाले तर उत्तमच, पण पुडी घरी न्यायची असेल तर कागदच लागतो, कारण द्रोणाला दोरा बांधता येत नाही.