सुटकेची कथा आणि अपहृतेची साक्ष : ‘टेकन’ या चित्रपटाच्या संदर्भात

अपहृत व्यक्तीची सुटका हे अनेक कथनपरंपरांना परिचित असलेले आशयसूत्र आहे. त्याच्या तौलनिक अभ्यासात सुटका कोण करतो, याइतकाच कथा कोण सांगतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पिअर मोरेल दिग्दर्शित ‘टेकन’ (२००८) हा थरारपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

अमेरिकी बंदिवासकथेच्या परंपरेत मेरी रोलँडसन यांच्या १६८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनाला आद्य स्थान दिले जाते. मूलनिवासींच्या कैदेत सुमारे अकरा आठवडे काढून खंडणीवर सुटलेली ही स्त्री आपला अनुभव स्वतः सांगते आणि बायबलच्या आधारे त्याचा अर्थही स्वतःच लावते. जॉन फोर्ड यांच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या चित्रपटात मात्र कथेचे केंद्र शोध घेणाऱ्या पुरुषाकडे सरकते. कोमांचींनी नेलेल्या पुतणीला एथन वर्षानुवर्षे शोधतो. परंतु तो तिला वाचवील की ठार करील, ही शंका अखेरपर्यंत कायम राहते.

‘टेकन’मध्ये अशा शंकेला वाव नाही. सीआयएचा माजी हस्तक ब्रायन मिल्स (लिअम नीसन) मुलीच्या पॅरिस-प्रवासाला आधी नकार देतो. पुढे घडणारे अपहरण त्याची भीती यथार्थ ठरवते. अपहरणाच्या क्षणी तो किमला दूरध्वनीवरून सांगतो, की जे दिसेल ते ओरडून सांग. दाढी, उंची, उजव्या हातावरील चंद्र-ताऱ्याचे गोंदण, एवढेच ती सांगू शकते. तिचे हे निवेदन पित्याच्या शोधातील पुरावा ठरते. त्यानंतर बराच काळ कथेत तिचा आवाज ऐकू येत नाही. पुढे ती दिसते ती लिलावात मांडलेली वस्तू म्हणून.

येथे आणखी एक बाब लक्षणीय आहे. लैंगिक स्वातंत्र्य बोलून दाखवणारी मैत्रीण अमांडा मृतावस्थेत सापडते. किम कौमार्यामुळे अधिक मोलाची ठरते आणि वाचते. तस्करांच्या बाजाराचा निकष आणि कथानकाचा नैतिक निकष यांत अंतर उरत नाही. किमचे जाकीट जवळ असलेल्या एका मुलीला ब्रायन सोडवतो, ते प्रामुख्याने माहितीसाठी. त्याच ठिकाणच्या इतर मुलींचे पुढे काय झाले, याची चित्रपट दखल घेत नाही.

अखेरीस किम घरी परतते आणि गायिका होण्याच्या तिच्या स्वप्नाकडे कथा वळते. रोलँडसन यांच्यासाठी परतणे हा कथनाचा आरंभ होता; येथे परतताच अनुभवाविषयीचे बोलणे संपते. पित्याचे कर्तृत्व सिद्ध होते; मुलीची साक्ष अनुच्चारित राहते.