बेळगावची भाजी आणि गोव्याची बाजारपेठ

पणजी किंवा म्हापशाच्या बाजारात सकाळी मांडलेला कोबी, फ्लॉवर, गाजर व ढोबळी मिरची हा बहुधा आदल्या रात्री घाट उतरून आलेला माल असतो. हा व्यवहार इतका जुना आहे की, तो तुटला तेव्हाच त्याची महती कळली. १९५५ च्या सुमारास भारताने पोर्तुगीज राजवटीविरुद्ध आर्थिक नाकेबंदी केली. त्या काळात गोव्याला बटाटे नेदरलँड्समधून आणि तांदूळ व भाज्या पाकिस्तानातून आणाव्या लागल्या. सव्वाशे किलोमीटरांवर पिकणारी वस्तू समुद्रमार्गे! मार्च २०२० च्या टाळेबंदीतही घाटावरची आवक खंडित होताच गोव्यात भाजीची टंचाई झाली.

शहर वाढले म्हणजे केवळ खाणारी तोंडे वाढतात असे नव्हे, ताटही बदलते. मिळकत वाढली तरी माणूस भात-भाकरी दुप्पट खात नाही. वाढतो तो भाजी, फळे, दूध, अंडी यांचा वाटा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची सुमारे ६२ टक्के लोकवस्ती नागरी ठरली. इतर कोणत्याही राज्यात हे प्रमाण एवढे नव्हते. शिवाय पर्यटकांची भर आहेच.

थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने १८२६ साली असा सिद्धांत मांडला की, शहराभोवतीचे पहिले वर्तुळ दूध व भाजीपाल्याचे असते आणि धान्य त्यापलीकडे पिकते. कारण नाशवंत माल लांबचा प्रवास सोशीत नाही. पणजीलाही असे वर्तुळ होते. ताळगावची वांगी प्रसिद्ध आहेत. पण शहर पसरले तसे ताळगावात मळ्यांच्या जागी घरे उभी राहिली. मोटाररस्त्यामुळे ते वर्तुळ घाट चढून बेळगावच्या शिवारात गेले.

बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर असल्याने तेथील हवा भाजीपाल्यास मानवते. कडोलीसारख्या गावांतील शेतकरी विहिरीच्या पाण्यावर भाजी काढतात. भाताचा पैसा हंगामात एकदाच हाती येतो. कोबी लावणीपासून अडीच-तीन महिन्यांत तयार होतो, कोथिंबीर दीड महिन्यात. दोन एकरांच्या धन्याला हा फरक फार मोठा आहे. घरच्या माणसांना बारमाही काम मिळते आणि मुलांच्या शाळेची फी भरण्यासाठी सुगीची वाट पाहावी लागत नाही.

तथापि पीक बदलले म्हणजे शेतकरी सुधारला, हे अर्धेच सत्य होय. भात कणगीत राहतो. भाव पाहून विकता येतो. तयार झालेला कोबी शेतात ठेवला तर फुटतो, आणि कालची कोथिंबीर आज कोणी विचारीत नाही. लिलावाला उभा असलेला अडत्या हे पुरते जाणून असतो; त्यातून बियाण्यासाठी त्याचीच उचल घेतलेली असली तर बोलणेच खुंटते. एकाच वेळी सर्वांचा माल आला की तोडणीची मजुरीही सुटत नाही, मग उभ्या पिकावर नांगर फिरतो. गोव्याचे फलोत्पादन महामंडळ सवलतीच्या दराने भाजी विकते, स्थानिक शेतकऱ्यांचा मालही घेते. परंतु घाटावरच्या उत्पादकाचा भाव बेळगावच्या बाजारातच ठरतो. गिऱ्हाईक एका राज्यात, मळा दुसऱ्या राज्यात. हा पेच सहसा चर्चेत येत नाही.

आता बेळगाव शहरही वाढत आहे. शहापूर-वडगावचे शिवार बासमती तांदळासाठी नावाजलेले. त्या बाजूच्या सुपीक जमिनीतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बगलरस्त्याला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. रस्ता नसला तर घाटाकडे जाणारा माल शहराच्या गर्दीत अडकतो, हीही गोष्ट खरी. परंतु रस्त्यामागोमाग भूखंड पडतात, आणि भूखंडाच्या भावाशी कोबीचा भाव झुंजू शकत नाही. लगतचे मळे विकले जातात व भाजीची लागवड आतल्या गावांकडे सरकते. तेथून बाजार दूर पडतो आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापला जातो.