जुना पिकअप : किंमत आणि मोल

“चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला” ही आपली म्हण स्वयंपाकघरांत जन्मली असली, तरी तिचा खरा प्रत्यय जुन्या मोटारगाड्यांच्या बाजारांत येतो. त्यांतही पिकअप, टेम्पो अशा नांवांनीं आपणांस परिचित असलेली जी लहान मालवाहू गाडी, तिच्या बाबतींत तर ही म्हण अक्षरशः खरी ठरते. अशी जुनी गाडी थोड्या पैशांत घ्यावी कशी, आणि घेतल्यावर ती कामास योग्य करावी कशी, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु आपल्या दारीं भाजी येते ती याच गाडींतून. घर बदलतांना संसार हलतो तोही हिच्याच हौद्यांतून. घरांतला एखादा मुलगा नोकरीची वाट न पाहतां स्वतंत्र धंदा करूं म्हणतो, तेव्हां पुष्कळदां पहिला विचार याच गाडीचा होतो. ओळखीचा एखादा चालक गाडीसाठीं उसने पैसे किंवा जामीन मागावयास येतो, तोही आपल्याकडेच. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहींत म्हणून हीं माणसें जुनी गाडी पाहतात, आणि त्यांची सारी शिल्लक या एका सौद्यांत गुंतते. सौदा फसला, तर गाडी दारांत उभी राहते आणि कर्ज मात्र चालत राहतें.

पिकअप ही कल्पना मूळची अमेरिकेंतील. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला मागें लहानसा उघडा हौदा बसवून ती कारखान्यांतूनच विकावयास काढली. आपल्याकडे २००५ सालीं टाटांची ‘एस’ गाडी आली. दोन सिलिंडरांचें लहानसें डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल वाहण्याची शक्ति असलेल्या या गाडीला लोकांनीं ‘छोटा हत्ती’ असें नांव दिलें. महिंद्र यांच्या पिकअप गाड्या तिच्याहून थोरल्या. या जातींच्या जुन्या गाड्या महाराष्ट्रांत विपुल मिळतात, आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गांवींही मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. जिचे भाग दुर्मिळ झाले आहेत अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. एका लहानशा भागासाठीं ती महिना महिना उभी राहील.

आतां पहिला प्रश्न हिशेबाचा. विकणाऱ्याच्या हातीं जी रक्कम पडते ती गाडीची किंमत नव्हे. तो किंमतीचा पहिला आंकडा होय. समजा, एक गाडी १,६०,००० रुपयांस मिळते व दुसरी २,२०,००० रुपयांस. पहिली ६०,००० रुपयांनीं स्वस्त दिसते. परंतु तिला टायर, ब्रेक, पाटे आणि इंजिन यांसाठीं ९०,००० रुपये लागले, कामाला पंचवीस दिवस गेले, आणि दररोज १,२०० रुपयांची निव्वळ मिळकत बुडाली असें धरल्यास आणखी ३०,००० रुपये गेले. एकूण बेरीज २,८०,००० रुपये. दुसऱ्या गाडीला २५,००० रुपयांचें काम निघालें व पांच दिवस गेले, म्हणजे ६,००० रुपये बुडाले. एकूण २,५१,००० रुपये. जी साठ हजारांनीं स्वस्त होती, ती एकोणतीस हजारांनीं महाग पडली. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पण ही बेरीज सौदा होण्यापूर्वीं कागदावर मांडावी, नंतर मांडली तर ती केवळ पश्चात्तापाची नोंद ठरते.

ही बेरीज करावयाची तर गाडी नीट पाहतां आली पाहिजे. ती दिवसाउजेडीं पाहावी, आणि आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करूं नये अशी अट आधींच घालावी. गरम इंजिन आपले दोष झांकतें, थंड इंजिन ते उघड करतें. प्रथम वंगण तपासावें. तें दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी मिसळत आहे असें समजावें. रेडिएटरचें झांकण याच वेळीं, म्हणजे थंड असतांनाच, उघडावें. गरम असतांना उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उडतें. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तेंही चांगलें लक्षण नव्हे.

मग इंजिन सुरू करून मागच्या नळीचा धूर पाहावा. काळा धूर बहुधा इंधन नीट जळत नसल्याचा. कधीं हवेची गाळणी चोंदलेली असते, आणि तो दोष अल्प खर्चाचा असतो. निळा धूर वंगण जळत असल्याचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर काम मोठें. पांढरा धूर थंडींत प्रारंभीं क्षम्य आहे, परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला तर सिलिंडरांत पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा. वंगण ओतण्याच्या तोंडावरचें झांकण इंजिन हळू चालत असतांना काढून पाहावें. तेथून धुराचे लोट धक्क्याधक्क्यानें बाहेर येऊं लागले, तर इंजिन आंतून थकलें आहे हें निश्चित.

परंतु मालवाहू गाडीचें खरें आयुष्य इंजिनांत नसून तिच्या सांगाड्यांत, म्हणजे चासींत, असतें. इंजिन पुन्हां बांधतां येतें. वांकलेली, तडकलेली किंवा गंजानें पोखरलेली चासी मात्र पूर्ववत् होत नाहीं. म्हणून कपड्यांची तमा न बाळगतां गाडीखालीं सतरंजी टाकून आंत शिरावें. कोठें जोड मारल्याच्या खुणा आहेत काय, पाट्यांत कारखान्याहून अधिक एखादा पाटा घातला आहे काय, हें पाहावें. जादा पाटा म्हणजे जादा ओझ्याची साक्ष. गाडी भरमसाट भरली गेली कीं ब्रेक, चाकांचे बेअरिंग, क्लच आणि टायर हीं सर्वच अकालीं झिजतात. समुद्रकांठच्या गाडीचा पत्रा विशेष पाहावा. कापडांत गुंडाळलेला लोहचुंबक फिरविला असतां जेथें तो चिकटत नाहीं, तेथें रंगाखालीं पत्र्याऐवजीं लांबी भरलेली असते.

किलोमीटरच्या कांट्यावर भिस्त ठेवूं नये, कारण तो मागें फिरवितां येतो. पेडलवरचें रबर, सुकाणूचें चाक आणि चालकाची बैठक मात्र खोटें बोलत नाहींत. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार जुना टायर कडक होऊन भेगाळतो. कायद्यानें अशा गाडीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हें प्रदूषणमान लागू झालें. त्या नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी व विद्युत्-यंत्रणा अधिक नाजूक असते. त्यापूर्वींची गाडी साध्या कारागिराच्या हातीं अधिक सहज दुरुस्त होते, पण तिचें वयही तितकेंच अधिक असतें.

गाडी पसंत पडली म्हणजे कागदपत्रें पाहावीं. चासीवर ठोकलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रकाशीं अंकशः जुळवावा. कर, विमा, थकलेले दंड आणि बँकेचा बोजा सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर पडताळतां येतात. बोजा असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्याविना पैसे देऊं नयेत. परराज्यांतील गाडीस नमुना २८ चें ना-हरकत पत्र लागतें. मालवाहू गाडीला योग्यता-प्रमाणपत्र आवश्यक आहे. आठ वर्षांपर्यंत तें दोन-दोन वर्षांचें मिळतें, त्यानंतर दर वर्षीं नवें घ्यावें लागतें. तें संपलेली गाडी स्वस्त मिळते, पण ती स्वस्त कां, याचें उत्तर तेथेंच असतें.

यापुढची गोष्ट विकणारा व घेणारा या दोघांनींही ध्यानांत धरावी. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी देऊन टाकण्याची चाल आपल्याकडे फार. एकाच राज्यांतील सौदा असेल तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें, असा १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचा दंडक आहे. त्यासाठींच नमुने २९ व ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्टच सांगितलें कीं, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदींत ज्याचें नांव, तोच कायद्यानें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. दोन वर्षांपूर्वीं विकलेल्या गाडीखालीं कोणी सांपडलें, तर समन्स जुन्या मालकाच्या दारीं येतें. विम्याचें नांवही चौदा दिवसांत बदलून घ्यावें. एरवीं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. हें सारें नंतर करूं म्हणणें म्हणजे वरातीमागून घोडें.

आतां दुरुस्ती. येथें बहुतेक लोक आधीं कळस मग पाया करतात. गाडी प्रथम रंगवितात, पुढें आरसे आणि झालरी लावतात, आणि ब्रेकला पैसे उरत नाहींत. खरा क्रम उलट आहे. पहिलें काम थांबण्याचें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. घाट उतरतांना ब्रेक तापले म्हणजे त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पायाखालचें पेडल पोकळ लागतें. म्हणून जुनें तेल पूर्ण काढून नवें भरावें, लायनिंग व रबरें बदलावीं. चालकानेंही कसाऱ्यासारखा घाट केवळ ब्रेकवर न उतरतां खालच्या गिअरमध्यें उतरावा. दुसरें काम वळण्याचें, म्हणजे सुकाणूचे सांधे, बेअरिंग व टायर. तिसरें थंड राहण्याचें : रेडिएटर, पाण्याच्या नळ्या, पंख्याचा पट्टा. चौथें वंगण व सर्व गाळण्या. पांचवें दिवे, विशेषतः मागचे. अंधारांत उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या गाडीवर मागून येणारा आदळतो. मग हौद्याचा तळ व फाळका. रंग सर्वांत शेवटीं, आणि तोही गंज खरवडून.

प्रत्येक कामाची तारीख व खर्च एका वहींत टिपावा. गाडी पुन्हां विकतांना तीच वही तिची शिफारस करते.

तात्पर्य इतकेंच कीं, स्वस्त गाडी बाजारांत मिळत नसते. ती घेणारा आपल्या डोळ्यांनीं, हिशेबानें आणि धीरानें घडवीत असतो. ज्याच्यापाशीं पैसे थोडे आहेत, त्यानें घाई मुळींच करूं नये, कारण घाईची किंमत त्यालाच सर्वांत जड जाते. आणि आपल्याकडे कोणी जामीन मागावयास आला, तर सही करण्यापूर्वीं त्याच्याबरोबर एक सकाळ गाडी पाहावयास जावें. त्याच्या संसाराला पैशाइतकाच या एका सकाळचाही आधार होईल.